काढ्याच्या तळाशी

६ जुलै २०२५, रविवार. रेल्वे कॉलनी, जयपूर.
युनियनची डायरी जानेवारीपासून कोरीच पडून होती. आजपासून वापरात. कारण गंभीर आहे.

शुगर निघाली. उपाशीपोटी १९६. ती तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट असते, ती ९.१. रेल्वे हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रामटेकेजी, गोळ्या सकाळ-संध्याकाळ, खाण्यानंतर, आणि कायमच्या. तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे.

निर्धार: गोळी एकही नाही. तीन महिन्यांत निव्वळ झाडपाल्यानं शुगर उतरवून रिपोर्ट बाईंच्या टेबलावर ठेवायचा. मी कोणाचा मुलगा आहे हे बाईंना माहीत नाही. बाबा चंद्रपूरकडे गँगमन होते. लाइनवर कोणाला ताप आला, विंचू चावला, जखम चिघळली, की माणसं आधी बाबांकडे यायची. पुष्कळांना डॉक्टरकडे जायची वेळच आली नाही.

ती विद्या माझ्या रक्तात आहे. सध्या रक्तात साखरही आहे, पण ते तात्पुरतं.

७ जुलै, सोमवार.
गोळ्या घरी आणून कपाटाच्या खणात टाकल्या. सुलोचनाला निर्णय सांगितला. तिनं विचारलं, काहून? मी दीड तास कारणं सांगितली. शेवटी ती म्हणाली, बरं.

मागच्या वर्षी बीपीच्या गोळीवरून आमचं भांडण झालं होतं तेव्हा मी चार दिवस बोललो नव्हतो. त्यातून ती शिकलेली दिसते. सांगितलेलं पटतं तिला, वेळ लागतो एवढंच.

९ जुलै, बुधवार.
हाफ डे टाकून चारदीवारीत, जुन्या शहरात गेलो. त्रिपोलियाच्या मागच्या गल्लीत रामगोपालजींचं काष्ठौषधींचं दुकान. पोत्यापोत्यांत मुळ्या, साली, शेंगा. छातीत भरून आलं. (नंतर शिंकाही आल्या. धूळ फार.) गुडमार, जांभळाच्या बिया, मेथी, काडेचिराईत, वाळलेली गुळवेल. शिवाय बिजासाराच्या लाकडाचा ग्लास. त्यात रात्री पाणी ठेवायचं, सकाळी तांबूस झालं की प्यायचं.

रामगोपालजींनी विचारलं, डॉक्टरची दवाई चालू है ना, भाईसाब? ये साथ में लेना, छोड़ना मत. दुकानदार माणूस, त्याला कायद्यानं असं बोलावं लागत असेल.

१० जुलै, गुरुवार. सकाळ.
पहिला काढा स्वतः केला. पाव लिटर पाण्याचा अर्धा कप उरवायचा होता. पेपर वाचेपर्यंत काहीच उरलं नाही. सुलोचना म्हणाली, तुम्ही कायले गंज जाळून राहिले, उद्यापासून मी करते. दोन्ही टाइम करते.

मी म्हणालो, उपाशीपोटी पाहिजे. ती म्हणाली, नाही, नाश्त्यानंतर. उपाशीपोटी कडू सोसत नाही तुम्हाला. तिला एवढी कळकळ असेल असं वाटलं नव्हतं. मान्य केलं.

१२ जुलै, शनिवार.
काढ्याला तेज आलं. कालपेक्षा कितीतरी कडू. आणि ग्लासच्या तळाशी पांढरट गाळ! मी ओळखला. गुळवेलीचं सत्त्व. जुने वैद्य यासाठी दिवस दिवस घालवायचे, आपल्या घरी गॅसवर उतरतंय. सुलोचनाला दाखवलं. ती म्हणाली, हो का. अज्ञान असलं तरी हाताला गुण आहे तिच्या.

तिला घोटभर घे म्हणालो. अजिबात नाही म्हणाली.

१९ जुलै, शनिवार.
उपाशीपोटी १५८.

२० जुलै, रविवार.
१५१. प्रबुद्धनं ते बोट टोचायचं मशीन आणून दिलंय. मुलगा इथंच वाढला, वैशाली नगरच्या आयटी कंपनीत आहे, त्याचं मराठी अर्ध्यात थांबतं. म्हणाला, पप्पा, मतलब, चांगलं आहे, पण डॉक्टरला बताना चाहिए ना? मी म्हणालो, रिपोर्टच बोलेल. तो आईकडे बघत बसला. आई खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. वेलदोडे म्हणे. हल्ली सकाळ-संध्याकाळ वेलदोडे कुटते, पण चहात वेलदोडा लागत नाही. विचारायला हवं. राहून जातं.

२७ जुलै, रविवार. तीज.
ऑफिसातल्या शर्माजींकडून घेवर आला. मोठा, मावा घातलेला. मोहाचा क्षण. पण ज्ञान कामी आलं. गुडमारची पानं चावली की जिभेला गोड कळेनासं होतं. पानं चावली, मग घेवर खाल्ला. खरोखर गोड लागला नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. गोड लागलंच नाही तर शुगर वाढायचा प्रश्न कुठे येतो? प्रयोग पक्का व्हावा म्हणून दुसराही तुकडा खाल्ला.

संध्याकाळी २३१. मशीनमध्ये दोष असावा. प्रबुद्धला सांगितलं. तो म्हणाला, पप्पा, प्लीज.

५ ऑगस्ट, मंगळवार.
कपाटाचा खण उघडला. गोळ्या नाहीत! एकही पाकीट नाही. सुलोचना म्हणाली, विहारात येणाऱ्या एका गरजू बाईला दिल्या. दान. मला आनंद झाला. वाईट वस्तूही कोणाच्या तरी उपयोगी पडली.

आज ती गुडघा दाखवायला हॉस्पिटलात गेली होती. चुकून माझं मेडिकल कार्ड घेऊन गेली. वयानुसार होतं असं.

१० ऑगस्ट, रविवार.
उपाशीपोटी १३४!!

जिन्यात मनोहर भेटला. खालच्या मजल्यावरचा, पार्सल ऑफिसला आहे. मूळचा साताऱ्याकडचा. कॉलनीत मराठी घरं दोनच, त्यामुळे सहा वर्षांत भावासारखा झालाय. त्याला आठ वर्षांची शुगर. दिवसाला चार गोळ्या. डॉक्टर आता इन्सुलिनचं म्हणताहेत, त्यानं धास्ती घेतलीय. माझे आकडे ऐकून जिन्यातच बसला. म्हणाला, रामटेकेजी, एकही गोळी नाही? मी म्हणालो, एकही नाही. तुमची शपथ.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक बाबांसमोर असेच बसायचे.

१२ ऑगस्ट, मंगळवार.
मनोहरसाठी सगळ्या पुड्या आणून दिल्या, ग्लासही. त्याची अट: बायकोला, सुधावहिनींना, कळता कामा नये, त्या गोळ्या हातावर ठेवून समोर उभ्या राहतात. मार्ग निघाला. गोळी गालात धरायची, बाहेर येऊन टाकायची. काढा ऑफिसातल्या इलेक्ट्रिक किटलीत. हे सगळं त्यालाच सुचलं. मी फक्त पद्धत सांगितली.

सुलोचनालाही बोललो नाही. तिला दुसऱ्यांच्या प्रकृतीची उगीच काळजी लागते.

२४ ऑगस्ट, रविवार.
मी: १२८. मनोहर: २६४.

चिंता नाही. आठ वर्षांचं साचलेलं आधी वर येणारच. त्याला तसं समजावलं. त्यानं विचारलं, माझ्या काढ्याच्या तळाशी ते पांढरं का येत नाही? खरंच येत नाही. मी जाऊन बघितलं, किटलीत नुसता काळा चोथा. म्हणजे उकळणं कमी. किटली आपोआप बंद होते, तिथं घोळ आहे. दोनदा उकळायला सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार.
सुधावहिनी भाजी घेताना भेटल्या. मनोहर फार उतरलाय म्हणाल्या, पँट राहत नाही कमरेवर, सारखं पाणी पितो. मी म्हणालो, शुगर बाहेर पडतेय, चांगलं लक्षण. त्या म्हणाल्या, खरंच? मी इतका ठामपणे हो म्हणालो की माझं मलाच बरं वाटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार.
सुलोचना उद्या नागपूरला निघतेय. धम्मचक्र प्रवर्तन दिन, मग माहेर. दहा दिवस. आनंदानं जायचं सोडून तिचं लक्ष सगळं माझ्या काढ्यात. तुम्ही करू नका, प्रबुद्ध करेल, असं दहा वेळा म्हणाली. दोघं स्वयंपाकघरात दार लोटून काय कुजबुजत होते कोण जाणे. माझा साठावा वाढदिवस तीन वर्षांवर आलाय. त्याची तयारी इतक्या आधी?

३० सप्टेंबर, मंगळवार.
प्रबुद्धला कंपनीनं अचानक गुरुग्रामला पाठवलं. आता काढा मीच करतो. मुद्दाम जास्त आटवतो. तळाशी पांढरं मात्र आलं नाही. गॅसचं प्रेशर कमी आहे.

मसाल्याच्या डब्यामागे कागदाच्या पुड्या सापडल्या. आत पांढरी पूड. सुंठ नाही, सोडा नाही. जिभेवर ठेवून बघितली, जहर कडू. काहीतरी नासलेलं. सगळ्या मोरीत टाकल्या. सुलोचना जुन्या वस्तू फेकतच नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार.
उपाशीपोटी १६९. 

सुलोचनाचा फोन. मसाल्याच्या डब्यामागे वेलदोड्याची पूड ठेवली आहे, रोज दोन पुड्या काढ्यात टाका. मी म्हणालो, ती खराब झाली होती, टाकून दिली. ती म्हणाली, सगळ्या? आणि फोन कट. नागपूरला गर्दी असते, नेटवर्क जातं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
२०८. काल दसरा होता. रावण जाळल्याचा धूर हवेत आहे, त्याचा परिणाम. बोट टोचायच्या पट्ट्याही झोटवाड्याच्या दुकानातून आणलेल्या, भरवशाच्या नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार.
सुलोचना दोन दिवस आधीच परतली. पिशवी खाली ठेवायच्या आत खलबत्ता काढला. या वयात वेलदोड्यांचं एवढं वेड बघून हसू आलं.

८ ऑक्टोबर, बुधवार.
१३९. उतरली! निष्कर्ष लिहून ठेवतो: पत्नी घरात असली की शुगर आटोक्यात राहते. मानसिक आधार. यावर कोणीतरी संशोधन करायला हवं. सुलोचनाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, समजा थोडी गोळी आणि थोडा काढा, असं केलं तर? मी म्हणालो, मग श्रेय कोणाचं हे कसं कळणार? ती तांदूळ निवडत बसली.

११ ऑक्टोबर, शनिवार.
मनोहरनं बापू बाजारातून दिवाळीसाठी मोजड्या घेतल्या, त्या डाव्या अंगठ्याला चावल्या. फोड फुटलाय. दुखत नाही म्हणतो. दुखत नाही म्हणजे किरकोळ. गच्चीवरची कोरफड, हळद, कडुनिंबाचा पाला वाटून बांधून दिला. वरून मोजा घालतो, वहिनींना दिसत नाही.

तो विचारत होता, हॉस्पिटलात दाखवू का? मी म्हणालो, तीन दिवस बघू.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी २.
६.९!!!

९.१ वरून ६.९. कागद तीन वेळा वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाबास, गोळ्या नियमित चालल्यात, कॉम्प्युटरवर दिसतंय, दर महिन्याला नेल्यात. मी हसलो. कॉम्प्युटर काय, कोणाचंही नाव कोणाच्याही खात्यावर टाकतं. तिथल्या तिथे सत्य सांगणार होतो, पण मागे लाइन होती.

बाबांची आठवण आली. बाहेरच्या पिंपळाखाली उभा राहून चक्क रडलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
मनोहरला रिपोर्ट दाखवायला गेलो. बरं झालं गेलो. गडी डगमगला होता. गोळ्यांचं पाकीट उघडून समोर ठेवलेलं, पाय स्टुलावर. पायाला वास येतोय म्हणाला, तीन दिवस झाले, आजपासून गोळ्या सुरू करतो आणि उद्या पाय दाखवून येतो. मी रिपोर्ट हातात दिला. त्यानं बोटानं आकडा पुसून बघितला. मग पाकीट मिटवलं. म्हणाला, माझीच श्रद्धा कमी पडतेय.

अजून तीन दिवस बघू, असं ठरलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.
कॉलनीच्या सेक्रेटरीनं शनिवारच्या दिवाळी स्नेहमीलनात माझं भाषण ठेवलंय. विषय: 'जड़ी-बूटी से शुगर पर विजय'. वीस मिनिटं. माझा विचार चाळीसचा आहे. रिटायरमेंटनंतर गच्चीवर दर रविवारी मोफत सल्ला. मनोहर पहिला अनुभव सांगेल. त्याला आज भेटणार होतो, पण भाषणाच्या तयारीत राहिलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार.
भाषण उत्तम झालं. सत्तर खुर्च्या, साठ तरी भरलेल्या. सुलोचना पहिल्या रांगेत होती, मी काढ्याचा ग्लास उंच धरून तळाचं सत्त्व दाखवलं तेव्हा उठून गेली. प्रबुद्धही तिच्या मागे गेला. घरच्यांना आपली किंमत उशिरा कळते.

मनोहर आला नाही. थोडा ताप आहे म्हणे. ऋतू बदलतोय.

१९ ऑक्टोबर, रविवार.
सकाळी सात वाजता सुधावहिनींचा आवाज जिन्यात. मनोहर शुद्धीत बोलत नव्हता. मोजा काढल्यावर कळलं. अंगठा काळा पडला होता, लाली घोट्याच्या वर गेली होती. मी माझ्या हातांनी बांधलेला पाला अजून तिथं चिकटलेला होता.

अँब्युलन्समध्ये मी पुढे बसलो. शुगर ४९२. दुपारी ऑपरेशनला नेलं.

डॉक्टरनं वहिनींना विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? त्या म्हणाल्या, बंद नाहीत, मी स्वतःच्या हातानं देते. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी पाणी आणायला गेलो.

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी.
अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय वाचेल असं म्हणाले, अजून खात्री नाही.

मनोहरच्या ऑफिसच्या ड्रॉवरमधून पुड्या आणि किटली कोणीतरी वहिनींना आणून दिली. पुड्यांवर माझं अक्षर. त्या घेऊन वहिनी आमच्या दारात आल्या. ओरडल्या नाहीत. सुलोचनाला म्हणाल्या, वहिनी, तुमच्या मिस्टरांना फक्त काढ्यानं गुण आला म्हणून ह्यांनी गोळ्या थुंकल्या, दोन महिने. खरंच फक्त काढा होता ना तुमच्याकडे?

वहिनी गेल्या. सुलोचना स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि खलबत्ता जवळ ओढला. म्हणाली, तुम्ही त्यांना गोळ्या सोडायला लावल्या? मला कायले नाही सांगितलं? एक शब्द सांगितला असता.

मग सगळं सांगितलं. १२ जुलैपासून. नाश्त्यानंतर एक, संध्याकाळी एक. कुटून, काढ्यात. विहारातली बाई नव्हती. गुडघाही नव्हता. डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, कुटून चालेल, पण नवऱ्याला सांगून द्या, चोरून नको. सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असती का, असं तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, तरी निम्मा गुण काढ्याचा असेलच.

हे वाक्य मी खरोखर बोललो. ती उठून गेली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार.
मागची पानं काढून बघितली. १२ जुलै, पांढरं पहिल्यांदा. ३० सप्टेंबर, पुड्या मोरीत. १ ऑक्टोबर १६९, ३ ऑक्टोबर २०८. ५ ऑक्टोबरला ती परत, ८ ला १३९. सगळं माझ्याच अक्षरात आहे. कोणालाही कळलं असतं.

सुलोचना माझ्याशी बोलत नाही, तसं नाही. बोलते. म्हणाली, चूक माझीही आहे. तुमचा मान राखायला गेले आणि त्यांची बोटं गेली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
मनोहरला भेटलो. पाय वाचला. वॉर्डात शांत पडून होता. मी सांगणारच होतो. त्याआधी तोच म्हणाला, रामटेकेजी, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं औषध बरोबर होतं, तुमचा रिपोर्ट मी डोळ्यांनी पाहिलाय. माझ्या काढ्याला तळाशी पांढरं कधी आलंच नाही. उकळण्यात मी कमी पडलो.

मी म्हणालो, आराम करा.

२६ ऑक्टोबर, रविवार.
आज सांगणार होतो. नर्स म्हणाली, पेशंटला टेन्शन नको. वैद्यकीय सूचना मोडणं बरोबर नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार.
वहिनी वॉर्डात होत्या. त्यांच्यासमोर नको.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.
वहिनी नव्हत्या. पण बाजूच्या बेडवर गर्दी होती.

सुलोचना म्हणाली, ते घरी येईपर्यंत तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते. प्रबुद्ध म्हणाला, पप्पा, मतलब, ते अजून समजतात की चूक त्यांची आहे. एवढं लांब मराठी वाक्य त्यानं पहिल्यांदाच पूर्ण केलं.

३ नोव्हेंबर, सोमवार.
बाबांबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली आहे. कुठेच लिहिलेली नाही. बाबांच्या पायाला लाइनवरचा खिळा लागला होता. त्यांनी स्वतःच पाला बांधला. जबडा आखडायला लागला तेव्हा आई म्हणाली, दवाखान्यात नेऊ. मी एकोणीस वर्षांचा, घरात शिकलेला एकटाच. माझ्यावर सोडलं. मी म्हणालो, तीन दिवस बघू.

चौथ्या दिवशी नेलं. हॉस्पिटलात गेले आणि संपले. तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो की हॉस्पिटलात नेलं म्हणून गेले.

९ नोव्हेंबर, रविवार.
मनोहर परवा घरी आला. आज खाली जाऊन सांगायचं ठरवलं होतं, दहा वाजता. साडेनऊला जिन्यात काठीचा आवाज. एक ठोका, मग थांबणं, मग पाय ओढल्याचा आवाज. मी दाराच्या आत उभा राहून ऐकत होतो. अठरा पायऱ्या आहेत. अर्ध्यावर तो बराच वेळ थांबला होता. मी दार उघडून खाली जाऊ शकलो असतो.

सुलोचनानं दार उघडलं. मनोहर घामाघूम, डाव्या पायाला पांढरं बँडेज. बसायच्या आधीच म्हणाला, सुधा बाजारात गेली आहे म्हणून आलो. इन्सुलिन लावलंय, पण मन मानत नाही. रामटेकेजी, पुन्हा एकदा काढा सुरू करावा म्हणतो. या वेळी किटलीतला नको. तुमच्या घरचा द्या. वहिनींच्या हातचा. त्यात ते पांढरं उतरतं.

सुलोचनानं ओट्यावरचा खलबत्ता आणून टीपॉयवर ठेवला. शेजारी गोळ्यांचं पाकीट. मग माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी सांगितलं. पांढरं काय होतं ते सांगितलं. मला कळून वीस दिवस झालेत हेही सांगितलं. मला माहीत नव्हतं, असं मधे एकदा म्हणालो, पण ते म्हणून काही फरक पडला नाही. इन्सुलिन सोडू नका म्हणालो. मला फार लाज वाटत होती आणि ती तशीच बसून सोसावी लागली.

मनोहरनं पाकीट उचलून त्यावरचं नाव वाचलं. म्हणाला, हीच. माझीही हीच होती. मग काठी शोधायला लागला.

जिन्यापर्यंत गेलो त्याच्याबरोबर. उतरताना आधाराला हात पुढे केला. त्यानं हाताकडे बघितलं आणि कठडा धरला. अठरा पायऱ्या उतरायला त्याला किती वेळ लागला ते बघितलं नाही. हात तसाच पुढे ठेवून वर उभा होतो.